डोक्याला मार लागल्यावर : वॉर्डात काय चालते, आपण काय करावे

तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, इलठणपाडा, दिघा. आपल्या वस्त्या मोठ्या रस्त्यांच्या आणि कारखान्यांच्या कडेला आहेत. कोणी ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडताना उडवला जातो, कोणी बांधकामाच्या परांचीवरून पडतो, कोणाला दगडखाणीत मार लागतो. मग रुग्णालयात एकच तक्रार ऐकू येते, "आमच्या माणसाकडे कोणी बघतच नाही." ही तक्रार कधी खरी असते, कधी नसते. ती ओळखता यावी म्हणून हे थोडे सविस्तर सांगतो.

कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. आत रक्त साठले किंवा मेंदू सुजला तर पसरायला जागा नसते आणि मेंदूवर दाब वाढत जातो. काही वेळा मार लागलेला माणूस उठून बसतो, बोलतो, चहा पितो, आणि काही तासांनी गुंगीत जातो. आत रक्त हळूहळू साठत असते. म्हणून "प्यायलाय, झोपू द्या" या वाक्याइतके घातक वाक्य आमच्या मते दुसरे नाही. दारूचा वास आला तरी डोक्याला मार लागला असेल तर तो रुग्णच समजावा. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, आकडी, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, हाता-पायातली ताकद जाणे, यांतले एकही दिसले तर 108 ला फोन करावा. तोवर मान वाकवू नये आणि तोंडात पाणी घालू नये.

रुग्णालयात परिचारिका येऊन डोळ्यांत बॅटरी मारते, नाव विचारते, चिमटा काढते, हात वर करायला सांगते. पुष्कळ नातेवाइकांना हा रुग्णाचा छळ वाटतो. ती खरे तर मोजमाप करत असते. ग्लासगो शहरातील दोन डॉक्टरांनी 1974 मध्ये ही पद्धत मांडली. डोळे उघडण्याला 4, बोलण्याला 5 आणि हालचालीला 6, असे एकूण 15 गुण. 13 ते 15 म्हणजे इजा सौम्य, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा कमी म्हणजे गंभीर. एका वेळच्या आकड्यापेक्षा तो घसरतो आहे का, हे महत्त्वाचे. म्हणून सुरुवातीला दर अर्ध्या तासाने हे तपासावे लागते.

आता हिशेब करा. एका परिचारिकेकडे वीस रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला दहा मिनिटे लागतात असे धरा. एका फेरीलाच 200 मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे होतात. त्यात बेशुद्ध रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणे, घशातला कफ ओढणे, नळीने अन्न देणे, लघवीची पिशवी पाहणे आलेच. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला तर एक परिचारिका सतत जवळ हवी. तेव्हा सिस्टर पळत असेल तर तिच्यावर ओरडून उपयोग नाही. पदे रिकामी का, हा प्रश्न महापालिकेला आणि नगरसेवकाला विचारायचा आहे, आणि तो आपण पुरेसा विचारत नाही.

आपण जवळ असतो, तेव्हा आपले डोळे कामी येतात. "मघाशी बोलत होता, आता उठत नाही" हे लगेच आणि नेमके सांगावे. बेशुद्ध माणसाला प्रेमापोटी चमच्याने दूध देऊ नये, ते फुप्फुसात जाते. विनयपिटकातील महावग्गात हगवणीने पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, असा प्रसंग आहे. चांगला शुश्रूषक कोण, हेही तिथे सांगितले आहे. रुग्णाला काय चालते आणि काय नाही हे ज्याला कळते, आणि ज्याला मलमूत्राची किळस येत नाही, तो.

नवी मुंबईतून गंभीर रुग्णाला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, केईएमला किंवा जे. जे.ला पाठवण्याची वेळ येते. निघण्याआधी पुढे फोन झाला का हे विचारा. पत्रावर ते गुण आणि वेळ लिहून घ्या, सिटी स्कॅनची फिल्म हातात ठेवा. पैसे नाहीत म्हणून कोणी दारातून परत पाठवत असेल, तर तातडीचा उपचार देणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. तेथील समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा. रस्ते अपघातासाठी 2025 पासून केंद्राची दीड लाखापर्यंत, सात दिवसांची रोकडरहित उपचार योजना आहे. जखमीला उचलून आणणाऱ्यावर पोलीस साक्षीची सक्ती करू शकत नाहीत, तेव्हा त्या भीतीने कोणी मागे राहू नये.

कंपनीत काम करणाऱ्याचे ईएसआय कार्ड घरात कुठे आहे, हे बायको-मुलांना माहीत हवे. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूर खात्याचे सदस्य असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार झाला आणि 1948 मध्ये त्याचा कायदा आला. कामावर इजा झाली तर पहिल्या दिवसापासून तो लागू होतो.

घरी सोडल्यावर पहिले चोवीस तास रुग्णाला एकटे ठेवू नका. पुढे काही आठवडे चिडचिड, विसराळूपणा, झोप न लागणे हे होऊ शकते. बाहेरची बाधा समजून कोणाकडे नेऊ नका, त्याच रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जुन्या कागदांसह दाखवा.