मुठीवरून नाव पडलेली सुरी

आपल्याकडे लाकडी दांड्याची आठवण निघते ती बहुधा बदनामीसाठी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! फिनलंडात उलट. तिथल्या शिकाऱ्याच्या, कोळ्याच्या, सुताराच्या कमरेला लटकणाऱ्या सुरीचं नाव ‘पूक्को’, आणि ते लाकूड या अर्थाच्या फिनिश शब्दावरून पडलं असं मानतात. कापतं पोलाद, नाव मात्र लाकडाचं.

पातं लहानच, बहुतेक ८ ते १० सेंटीमीटर. बोट पात्यावर घसरू नये म्हणून मुठीपाशी आडवी पट्टी असते तशी इथे नसते. ही सुरी खुपसायची नाहीच. मूस हरणाचं कातडं सोलायचं, मासा साफ करायचा, शेकोटीसाठी ढलप्या काढायच्या, यासाठी अंगठा पात्याच्या पाठीवर मोकळा फिरायला हवा.

लहानपणी गावच्या लोहाराचा भाता मी हौसेनं ओढायचो. जुन्या ट्रकच्या पाट्याचा कोयता घडून झाला की तो म्हणायचा, “आता पाणी देऊ.” फिनिश लोहारही तेच करतो, फक्त बरेचदा पाण्याऐवजी तेल वापरतो. पोलाद लाल होत होत अशा टप्प्याला येतं, की चुंबक त्याला धरेनासा होतो. त्याच्या थोडं पुढे नेऊन ते तेलात बुडवायचं. आता ते काचेसारखं कडक, आणि तितकंच ठिसूळ. म्हणून पुन्हा साधारण २०० अंशांवर मंद ताप द्यायचा. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की पुरे. अंदाज चुकला तर धार तरी मुडपते नाहीतर तिचा तुकडा उडतो.

पण खरी चैन मुठीत. एक लाकूड ‘विसाकोइवू’चं, म्हणजे गाठाळ बर्चचं. हे झाड हळू वाढतं, वेडंवाकडं वाढतं, आणि त्याच्या जन्मजात व्यंगामुळेच फिकट लाकडात तपकिरी ठिपके, नागमोडी रेघा उमटतात. दुसरी मूठ सालीची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्चची साल सहज सुटते. तिचे चौकोनी तुकडे मधोमध भोक पाडून पात्याच्या शेपटीवर एकावर एक ओवायचे, घट्ट दाबायचे, शेपटीचं टोक पितळी चकतीवर ठोकून पसरवायचं आणि मग त्या चळतीला कानशीनं हाताचा आकार द्यायचा. अशी मूठ हातात ऊबदार लागते, ओल्या हातातूनही निसटत नाही. उणे तापमानात धातूची मूठ धरून पाहा म्हणजे कळेल!

या सुरीचं मोठं गाव काउहावा. इसाक्की यार्वेनपा यांनी १८७९ मध्ये तिथं सुऱ्या करायला सुरुवात केली. घोड्याचं डोकं असलेली मूठ ही त्या गावाची खूण. त्याच मुलखात १९व्या शतकात लग्नसमारंभात पूक्को उपसून दहशत घालणारे गुंडही होते. ‘खुपसायची नाही’ हे वर मी लिहिलं खरं, पण त्यांनी ते ऐकलेलं दिसत नाही. आज फिनलंडात कारणाशिवाय सार्वजनिक जागी सुरी बाळगता येत नाही. काम, मासेमारी, शिकार ही कारणं चालतात.

म्यान ओल्या चामड्याचं, सुरीवरच वळवून वाळवलेलं. त्यात पात्याच्या मापाचं लाकडी अस्तर असतं, आणि मूठ निम्म्याहून अधिक आत जाते. सुरी खोचली की ‘टक्’ असा दबका आवाज येतो आणि वर दिसतं ते फक्त ठिपक्यांचं लाकूड.