एका पत्त्याची दोन घरे

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आम्ही शाळेत अर्थासह पाठ केली होती. पण तिचा खरा अर्थ मला गेल्या मे महिन्यात ग्वाल्हेरला कळला.

माझ्या आत्याचे सासर ग्वाल्हेरचे. शिंद्यांच्या राज्यात उत्तरेत जाऊन स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी ते एक. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, किला गेटजवळ एका घाऊक व्यापाऱ्याच्या कचेरीत हिशेब पाहतात. सुटीत मी गेले तेव्हा काका वैतागलेले होते. "अगं, तू कॉमर्सची, त्यात संगणकाचा कोर्सही केलास. जरा येऊन बघ. आमचे कनेक्शन रोज तुटते आहे," ते म्हणाले.

कचेरीत सहा संगणक. सर्व हिशेब एका मुख्य संगणकात, बाकीचे पाच तारेने त्याला जोडलेले. सकाळी सारे सुरळीत चाले. दुपारनंतर कोपऱ्यातल्या संगणकावर नोंद करता करता संबंध तुटे आणि अर्धे बिल नाहीसे होई. वस्तू व सेवा कराचे मासिक विवरणपत्र २० तारखेच्या आत भरायचे होते. त्या संगणकावर बसणारा मुलगा माझ्याच वयाचा, नोकरीला लागून दोन महिने झालेले. 'हाच काहीतरी बटणे दाबतो' असा सर्वांचा समज झाला होता आणि त्याला काढण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. तो मला हळूच म्हणाला, "दीदी, मैंने कुछ नहीं किया."

वाचकहो, अशा वेळी पहिला नियम हा की, डोळ्यांना दिसते ते आधी पाहावे. संगणकांना जोडणारी तार म्हणजे आठ बारीक तारांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. त्यामुळे बाहेरच्या विद्युत्प्रवाहाचा उपद्रव कमी होतो. अशी तार साधारणपणे १०० मीटरपर्यंतच भरवशाची. ती विजेच्या जाड तारेला खेटून नेऊ नये, दारात चेंगरू देऊ नये. टोकाला प्लास्टिकची छोटी खिट्टी असते. ती मोडली की तार खोबणीत सैल बसते आणि टेबलाला धक्का लागला तरी संबंध तुटतो. खोबणीशेजारी बहुधा एक लहान दिवा असतो. तो विझलेला असेल तर दोष बहुधा तारेचा किंवा खोबणीचा. प्रोग्राममध्ये डोके घालण्याचे कारण नाही.

कोपऱ्यातल्या तारेची खिट्टी खरोखरच मोडलेली होती. आम्ही तार बदलली, दिवा स्थिर लागला, काकांनी समोसे मागवले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता संबंध पुन्हा तुटला!

समोसे फुकट गेले, पण एक धडा मिळाला. तेरीज जुळत नाही तेव्हा एक चूक सापडली म्हणजे चुका संपल्या असे आपण मानत नाही. इथेही दोष दोन होते आणि लक्षण एकच. मग मी कॉमर्सच्या विद्यार्थिनीला जे येते तेच केले: एक वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, कोणता संगणक, दिवा लागलेला की विझलेला, आणि त्या वेळी कचेरीत आणखी काय चालले होते. शेवटचा रकाना पाहून काका हसले. पण तीन दिवसांत त्यानेच काम केले. संबंध तुटण्याच्या प्रत्येक नोंदीसमोर एकच वाक्य येत होते: 'बिले छापण्यासाठी प्रिंटर सुरू केला.' तिन्ही वेळा दिवा मात्र लागलेलाच होता.

आता थोडे पत्त्याविषयी. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता असतो: चार संख्या, प्रत्येक ० ते २५५ मधली, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१५. हे पत्ते बहुधा राऊटर नावाची पेटी वाटते. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पेटीकडून पत्ता मिळालाच नाही तर संगणक बहुधा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. तसा पत्ता दिसला तर संगणक पेटीपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. पण पत्ता हातानेही लिहिता येतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

पत्त्यावर कोणी आहे का हे पाहायला 'पिंग' ही आज्ञा असते. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी हा छोटा प्रोग्राम १९८३ मध्ये लिहिला. त्या पत्त्यावर हाक जाते आणि ओ येते, एवढेच त्याचे काम. चौथ्या दिवशी, प्रिंटर चालू असताना, मी कोपऱ्यातल्या संगणकाची तार उपसून काढली आणि मुख्य संगणकावरून त्याच्याच पत्त्याला हाक मारली. ओ आली! माणूस घरात नाही आणि त्याच्या नावाने दुसराच कोणी उत्तर देतो, असा तो प्रकार. प्रिंटर बंद केला, ओ थांबली.

उलगडा झाला. प्रिंटरला कोणीतरी पूर्वी हाताने कायमचा पत्ता लिहून दिला होता. सकाळी प्रिंटर बंद असे. म्हणून पेटीला तो पत्ता मोकळा वाटे आणि ती तो कोपऱ्यातल्या संगणकाला देई. दुपारी प्रिंटर सुरू झाला की एका पत्त्याची दोन घरे होत. मुख्य संगणकाचे पत्र कधी या दारी, कधी त्या दारी. उपाय दहा मिनिटांचा: पेटी जे पत्ते वाटते त्यांच्या बाहेरचा पत्ता प्रिंटरला दिला आणि तो कागदावर लिहून प्रिंटरवरच चिकटवला.

विद्यार्थी मित्रांनो, क्रम लक्षात ठेवा. आधी तार आणि दिवा, मग पत्ता, मग पेटीपर्यंत हाक, मग मुख्य संगणकापर्यंत हाक, आणि सर्वांत शेवटी प्रोग्राम. एका वेळी एकच गोष्ट बदला; दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. तार दुसऱ्या संगणकाला लावून पाहा: दोष तारेबरोबर गेला तर दोष तारेचा. आणि प्रत्येक गोष्ट लिहून ठेवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी किल्ल्यावर गेलो. किला गेटच्या बाजूने चढताना वाटेत खडकात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह कोरलेले आहेत. लेख आहे दानाचा: बागेसाठी दिलेली जमीन २७० हात, देवाला रोज ५० माळा. म्हणजे ही एक हिशेबाची नोंदच! अकराशे वर्षांपूर्वी कोणीतरी नेमकी नोंद केली म्हणून आज आपण नेमके बोलू शकतो.

असो. विवरणपत्र १९ तारखेलाच गेले. तो मुलगा अजून त्याच खुर्चीवर आहे. काकांनी त्याची माफी वगैरे मागितली नाही. पण त्या दिवशीचे समोसे त्याच्यापुढे आधी ठेवले, आणि वही त्याच्याच हाती दिली.