पाच लाख किलोमीटर फिरलेला डिझेल ट्रक घ्यावा का?

लासलगावचा कांदा वाशीच्या बाजारात नेणारी एक सहा चाकी गाडी विकायला आहे असं समजा. नोंदणी मार्च २०१८ ची, मीटरवर पाच लाख वीस हजार किलोमीटर. मालक नऊ लाख सांगतोय, दलाल म्हणतो साडेआठपर्यंत तुटेल. अशा गाडीसमोर उभा राहिलेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, "इंजिन अजून किती चालेल?" त्या प्रश्नाकडे येऊच, पण त्याआधी आरसी हातात घ्या.

मालवाहू गाडीचं कमावतं आयुष्य इंजिनाइतकंच कागदावरही ठरतं. दोन अ‍ॅक्सलच्या गाडीला नॅशनल परमिट बारा वर्षांपर्यंतच मिळतं, मल्टी-अ‍ॅक्सलला पंधरा. म्हणजे आपल्या गाडीकडे राज्याबाहेर माल नेण्यासाठी मार्च २०३० पर्यंतचाच वेळ आहे. कांदा फक्त लासलगाव ते वाशी जाणार असेल तर हे अंतर फारसं नडत नाही. इंदूर-अहमदाबादची भाडी मारायची असतील तर चांगलंच नडतं. शिवाय आठ वर्षं झाली की फिटनेस, म्हणजे आपल्याकडचं 'पासिंग', दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावं लागतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर सुरू होतो. पंधरा वर्षांपुढे पासिंगची फी एकदम चढते.

आरसीवरचा दुसरा आकडा एकूण वजनाचा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने वजनाची मर्यादा वाढवली. दोन अ‍ॅक्सलची गाडी १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली, तीन अ‍ॅक्सलची २५ वरून २८.५ वर. त्यामुळे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्यांत एकीला कायद्याने दोन टनांहून जास्त माल नेता येतो, दुसरीला नाही. भाडं टनावर मिळतं, तेव्हा हा फरक प्रत्येक खेपेला खिशात दिसतो. मॉडेलच्या नावावर मात्र विसंबू नका. टाटाच्या '१६१३' मध्ये १६ म्हणजे साधारण टन आणि १३ म्हणजे १३० अश्वशक्ती, ही खूण उपयोगी आहे. पण काट्यावर अडवलं तर बघतात ते आरसीच.

मीटर खरं बोलतंय का?

आठ वर्षांत पाच लाख वीस हजार म्हणजे वर्षाला पासष्ट हजार, महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास. रोज धंद्यात असलेल्या गाडीसाठी हा आकडा अगदी सरळ आहे. मला जास्त संशय येतो तो तेवढ्याच वयाच्या आणि 'फक्त एक लाख साठ हजार फिरलेल्या' ट्रकचा. एक तर मीटर बंद होतं किंवा मागे फिरवलंय, नाहीतर गाडी खाणीत, बांधकामावर किंवा उसाच्या फडात राबली आहे. तिथे किलोमीटर कमी होतात पण इंजिनाचे तास भरपूर होतात. महामार्गावर एका चालीत पळालेले पाच लाख किलोमीटर हे खडी वाहताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत झालेल्या दीड लाखांपेक्षा बरे.

पडताळायचं कसं? सर्व्हिसच्या बिलांवर तारीख आणि रीडिंग असतं. टायरची बिलं असतात. मालकाला फास्टॅगचं स्टेटमेंट मागा: गाडी कोणत्या टोलवरून महिन्याला किती वेळा गेली हे त्यात दिसतं आणि तो हिशेब सहसा कुणी खोटा करत बसत नाही. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्या बऱ्याचदा ठरलेल्या वयाला विकायला निघतात. त्यांचं रनिंग जास्त असतं, पण नोंदीही असतात. बिलाचा एकही कागद नसलेल्या 'घरच्या वापरातल्या' गाडीपेक्षा मी अशी गाडी आधी बघेन.

गाडी थंड असताना बघा

आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या आणि उद्या परत या. जुन्या डिझेल इंजिनाचे बरेचसे दोष थंड असताना, पहिल्या सेल्फलाच बाहेर पडतात.

चालू झाल्यावर थोडा पांढरा धूर येऊन विरला तर हरकत नाही. तो थांबतच नसेल तर नोझल, कॉम्प्रेशन किंवा आत पाणी जाणं यांपैकी काहीतरी आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. भार पडल्यावरचा काळा धूर एअर फिल्टर, टर्बो किंवा नोझलकडे बोट दाखवतो. तो बहुधा स्वस्तात सुटतो. यानंतर इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरण्याचं झाकण सैल करा. थोडी वाफ येणारच. पण झाकण थडथडायला लागलं आणि धुराचे भपकारे येऊ लागले तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेत, जळालेला वायू खाली उतरतोय. अशा इंजिनाचं काम आज ना उद्या निघणार.

रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलमध्ये दुधट रंग दिसला तर सौदा तिथेच थांबवलेला बरा. ऑइल अगदी ताजं, सोनेरी असेल तर खूश होऊ नका. नव्या, घट्ट ऑइलने आवाज आणि प्रेशर दोन्ही काही दिवस झाकता येतात. म्हणून चाळीस-पन्नास किलोमीटर, शक्यतो माल भरून, गाडी पळवा आणि गरम इंजिनावर ऑइल प्रेशर पुन्हा बघा. जवळ कसाऱ्यासारखा घाट असेल तर उत्तम. चढावर क्लच घसरतो का ते कळतं. उतारावर पाय काढल्यावर गिअर सुटतो का आणि मागच्या हाऊसिंगमधून घुमल्यासारखा आवाज येतो का, तेही कळतं.

इंजिनाचं काम आधी झालं असेल तर तेवढ्यावरून वाईट वाटायचं कारण नाही, पण काय काम झालं ते विचारा. बऱ्याच इंजिनांत लायनर बदलून सिलिंडर नवे करता येतात. काहींत सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले असतात. टाटाच्या अनेक गाड्यांत आलेलं कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन या प्रकारचं. तिथे बोअर मोठं करून मोठ्या मापाचे पिस्टन घालतात आणि हे काही मोजक्या वेळाच करता येतं. मागच्या वेळी कितव्या मापाचे पिस्टन बसले, हे बिलावर असतं.

इंजिन दुरुस्त होतं, चॅसी होत नाही. निदान पूर्वीसारखी तरी होत नाही. बॅटरी घेऊन गाडीखाली जा. केबिनच्या मागची जागा आणि पाटे जिथे अडकवलेले असतात ते ब्रॅकेट नीट तपासा: वेल्डिंगचे डाग, जादा मारलेली पट्टी, नेमका तेवढ्याच भागावर नवा काळा रंग. सतत ओव्हरलोड चाललेली गाडी इथे पकडली जाते. मग रस्त्यावर मागे उभं राहून ती सरळ येताना-जाताना बघा. मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत नसतील तर मोठा अपघात झालेला असू शकतो. टायर चांगले असतील तर त्यांवरचे नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवा, कारण सौदा ठरल्यावर आणि ताबा मिळण्याआधी टायर बदलले जाण्याचे प्रकार या धंद्यात होतात.

धुराच्या मानकांबद्दल एवढं लक्षात ठेवा. बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ पासून, बीएस-६ एप्रिल २०२० पासून. बीएस-६ गाडीत, आणि काही बीएस-४ गाड्यांतही, ज्याला ड्रायव्हर नुसतं 'युरिया' म्हणतात त्या द्रवाची वेगळी टाकी असते. ही यंत्रणा 'बायपास' करून दिलीय असं विकणारा अभिमानाने सांगत असेल तर ते नियमबाह्य आहेच, शिवाय पुन्हा बसवण्याचा खर्च तुमच्या माथी येईल. दिल्लीकडची भाडी मिळतील या भरवशावर बीएस-४ च्या आधीची गाडी घेऊ नका.

हिशेब

आता मूळ प्रश्न. लासलगाव-वाशी जाऊन-येऊन सुमारे साडेचारशे किलोमीटर, महिन्याला बारा खेपा, म्हणजे ५,४०० किलोमीटर. गाडीचं अ‍ॅव्हरेज पाच असेल तर १,०८० लिटर डिझेल लागेल, साडेचार असेल तर १,२००. लिटरला नव्वद रुपये धरले तर अर्ध्या किलोमीटरच्या फरकाची किंमत महिन्याला जवळपास पावणेअकरा हजार, वर्षाला जवळपास एक लाख तीस हजार. सौद्यात पंचवीस हजार तोडण्यासाठी दोन तास घासाघीस करणारे लोक अ‍ॅव्हरेज मात्र मालकाच्या तोंडी शब्दावर घेतात. टाकी फुल करा, ट्रायल घ्या, परत फुल करा. छोट्या ट्रायलमध्ये आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण साडेतीन आणि पाच यांतला फरक लपणार नाही.

पाच लाखांच्या पुढच्या गाडीला इंजिनाचं काम येणार असंच धरून चाला. तुमच्या मिस्त्रीकडून त्याचा लेखी अंदाज घ्या, त्यात क्लच आणि घासलेल्या टायरांचा खर्च मिळवा आणि तो सगळा नऊ लाखांत जोडा. मग विचारा: या एकूण पैशात तीन वर्षांनी लहान गाडी मिळते का? मिळत असेल तर ती घ्या. मिळत नसेल, तरी आणखी एक प्रश्न उरतो. काम निघालं आणि गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी राहिली, तर आठ-नऊ खेपा बुडतील आणि हप्ता मात्र चालूच राहील. तेवढे पैसे बाजूला नसतील, सगळी पुंजी डाऊन पेमेंटमध्येच जाणार असेल, तर गाडी कितीही चांगली असली तरी तुमच्यासाठी ती महाग आहे. जुन्या गाड्या परत फायनान्सवाल्याच्या आवारात जातात त्या बऱ्याचदा याच कारणाने. तिथून लिलावात त्या स्वस्त मिळतात हे खरं, पण 'जशी आहे तशी' मिळतात आणि ट्रायल बहुधा मिळत नाही.

पैसे देण्याआधी

परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून बोजा, टॅक्स, इन्शुरन्स, पासिंग आणि थकलेली ई-चलनं बघा. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नावावर करायला नमुना २९ आणि ३० लागतात. गाडी परराज्यातली असेल, एनएल क्रमांकाच्या बऱ्याच फिरतात, तर मूळ आरटीओची एनओसी आणि इथला टॅक्स हे दोन्ही किमतीत धरा. चॅसी नंबर पेन्सिलने कागदावर उमटवून आरसीशी ताडून बघा. ताबा घेताना पावतीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या. त्या दिवशी सकाळी दहाला कापलेलं चलन कुणाचं, हा वाद पुढे दोन महिन्यांनी उभा राहतो.