कोड लिहिताना सारखी फाइल बदलताय? एकाच स्क्रीनवर दोन फाइल उघडायची ही सोय वापरून बघा

नागपूरच्या मेट्रोत ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन लाइन जिथे एकमेकींना भेटतात, त्या स्टेशनचं नाव इंग्रजीत ‘सीताबुल्डी’ आणि मराठीत ‘सीताबर्डी’. नागपूरकराला यात काही वेगळं वाटत नाही. पण समजा, इंजिनिअरिंगच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रोजेक्टसाठी मेट्रोची दोन भाषांतली वेबसाइट बनवायला घेतली, तर इथेच त्याची रात्र जाऊ शकते.

अशा वेबसाइटला साधारण दोन फाइल लागतात. एकीत इंग्रजी नावं, दुसरीत मराठी. प्रत्येक नावाला एक ‘की’ असते, म्हणजे कोडमधली ओळखखूण. ती दोन्ही फाइलमध्ये अक्षरन् अक्षर सारखी हवी. इंग्रजी फाइलमध्ये की लिहिताना ‘बुल्डी’ लिहिलं, मग टॅब बदलून मराठी फाइल उघडली आणि बोलण्याच्या सवयीने ‘बर्डी’ टाइप झालं, की संपलं. मराठी पानावर त्या स्टेशनचं नाव गायब होतं किंवा तिथे नुसती की दिसते. बऱ्याचदा लाल अक्षरात एररही येत नाही, कारण प्रत्येक फाइल आपापल्या जागी बरोबरच असते.

चूक हुशारी कमी पडल्याने होत नाही. एक फाइल झाकून दुसरी उघडली की पहिलीत काय लिहिलं होतं ते डोक्यात धरून ठेवावं लागतं. दोन्ही शेजारी दिसत असतील तर लक्षात ठेवायचं कामच उरत नाही.

मग स्क्रीन विभागायची कशी?

मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटर फुकट आहे, म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ. फाइल उघडी असताना कंट्रोल आणि बॅकस्लॅश (\) एकत्र दाबा. बहुतेक लॅपटॉपवर हे बटण एंटरच्या वर असतं. मॅक असेल तर कंट्रोलऐवजी कमांड. स्क्रीनचे दोन भाग होतात. शॉर्टकट लक्षात राहत नसेल तर फाइलचा टॅब माउसने धरून उजव्या कडेला न्या आणि अर्धा भाग रंगलेला दिसला की सोडा.

यापेक्षाही सोपं म्हणजे कंट्रोल आणि पी दाबून फाइलचं नाव टाइप करायचं आणि एंटरऐवजी कंट्रोल-एंटर दाबायचं. फाइल थेट शेजारी उघडते. कंट्रोल-१ दाबलं की कर्सर डावीकडे, कंट्रोल-२ दाबलं की उजवीकडे. हे दोन आकडे बोटात बसले की माउसला हात लावावासा वाटत नाही.

भाषांच्या फाइलसाठी आणखी एक सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, ‘लॉक्ड स्क्रोलिंग’ हे शब्द इंग्रजीत टाइप करा आणि तो पर्याय निवडा. आता एक बाजू खाली सरकवली की दुसरीही सरकते. सीताबर्डीसमोर सीताबर्डीच दिसते. दोन फाइलमधला फरक दाखवणारी ‘कम्पेअर’ची सोयही या एडिटरमध्ये आहे, पण इथे ती कामाची नाही. भाषाच वेगळी असल्याने जवळपास सगळ्याच ओळी वेगळ्या म्हणून रंगतात.

एकच फाइल दोनदा दिसतेय, म्हणजे कॉपी झाली का?

नाही. नवशिके सगळ्यात जास्त इथेच घाबरतात. शॉर्टकट दाबल्यावर आधी तीच फाइल दोन्हीकडे दिसते, पण ती एकच असते. डावीकडे एक अक्षर खोडलं तर उजवीकडचंही जातं. एकाच घरात दोन खिडक्यांतून बघण्यासारखं आहे हे. हजार ओळींच्या फाइलमध्ये वर लिहिलेलं फंक्शन बघत बघत खाली ते वापरायचं असेल तर याचा खरा उपयोग कळतो.

ही कल्पना नवी अजिबात नाही. १९९१ मध्ये आलेल्या व्हिम या एडिटरमध्येही अशा खिडक्या करता येतात, आणि कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये गाठ अनेकदा त्याच्याशीच पडते. तिथे एस्केप दाबून कोलन, त्यापुढे ‘व्हीएसपी’ ही इंग्रजी अक्षरं आणि एंटर. एका भागातून दुसऱ्यात जायला कंट्रोल-डब्ल्यू आणि नंतर पुन्हा डब्ल्यू.

अडचण आहे ती जागेची. १५.६ इंची लॅपटॉपवर दोन भाग ठीक, तीन केले तर प्रत्येक ओळ अर्धवट दिसते आणि आडवं सरकवून वैताग येतो. कंट्रोल-बी दाबून डावीकडची फाइलची यादी लपवली की बरीच जागा मोकळी होते. तरीही ओळी मावत नसतील तर ऑल्ट-झेड दाबा, लांब ओळ मोडून खाली येते. किंवा कंट्रोल-के आणि मग कंट्रोल-बॅकस्लॅश दाबून भाग वर-खाली करा. रुंद कोड तसा वाचायला बरा पडतो.

काम झालं की कंट्रोल-डब्ल्यू दाबून नको असलेला भाग बंद करा. फाइल डिलीट होत नाही, फक्त ती खिडकी मिटते. आणि फाइल सेव्ह करायची राहिली असेल तर शेवटची खिडकी मिटताना एडिटर स्वतःच विचारतो.