विरजण का लागत नाही?

रात्री विरजण लावलं आणि सकाळी भांड्यात दूधच राहिलं, तर घरात दोष थंडीला किंवा विरजणाला दिला जातो. कधीकधी मात्र कारण गोठ्यात असतं. गायीच्या कासेत सोडलेलं प्रतिजैविक दुधात उतरतं. पेनिसिलिन वाढत्या जीवाणूला स्वतःची भिंत बांधू देत नाही. मग तो रोगाचा असो की दह्याचा. दूध उकळूनही ते पुरतं जात नाही.

संगमनेर-बारामतीकडच्या संकरित गायींना छळणारा आजार म्हणजे कासदाह, शेतकऱ्यांच्या भाषेत ‘दगडी’. धारेला बसावं तर कास गरम आणि टणक लागते, गाय लाथ झाडते, पहिल्या धारेत गाठी पडतात. डॉक्टर सड पिळून रिकामा करतात, पुसतात आणि ट्यूबचं टोक छिद्रातून आत घालून औषध सोडतात. दोन दिवसांत गाय चाऱ्याला तोंड लावते, दूधही स्वच्छ दिसू लागतं.

खरी परीक्षा इथून पुढे. 2012च्या नियमानुसार औषधाच्या वेष्टनावर दूध किंवा मांस किती दिवस विकायचं नाही, हे छापावं लागतं. मुदत स्वतंत्रपणे ठरवलेली नसेल तर दुधासाठी किमान 7 दिवस, मांसासाठी 28. पंधरा लिटरची गाय, तीन दिवस उपचार आणि पुढचे सात दिवस धरले, तर 150 लिटर दूध ओतून द्यायचं. संकलन केंद्रावर भाव ठरतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांश आणि तो वगळून उरणाऱ्या घनपदार्थांवर. ओतलेल्या दुधाचे पैसे तिथे मिळत नाहीत. हा तोटा एकट्या शेतकऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे, दूध संघांनी त्यात वाटा उचलायलाच हवा.

औषध असलेलं दूध बाजारातही पोचतं: अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयच्या 2018च्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या 6,432 नमुन्यांपैकी 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले.

दुसरा धोका दुधात दिसत नाही. औषध वारंवार दिलं की त्याला न जुमानणारे जंतूच मागे उरतात आणि फोफावतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतलं औषध कोंबड्यांच्या वाढीसाठीही वापरलं जाई. भारताने 2019मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला.

दगडी टाळण्याचे उपाय मात्र स्वस्त आहेत. धार काढण्याआधी हात आणि कास धुवायची, नंतर सड जंतुनाशकात बुडवायचे आणि लगेच गव्हाणीत चारा टाकायचा. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं. तेवढा वेळ गाय खात उभी राहिली, तर उघडे सड शेणामुतात टेकत नाहीत.