शिआनची मृण्मय सेना

महाराष्ट्रदेशाचे वर्णन लिहून ठेवणारा चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग इ. स. ६४५ मध्ये भारतातून ज्या चांगआन नगरीत परतला, तेच आजचे शान्शी प्रांतातील शिआन शहर. शहराच्या पूर्वेस सुमारे ३५ किलोमीटरांवर लिन्तोंग येथे चीनचा पहिला सम्राट चिन शी ह्वांग (मृत्यू इ. स. पूर्व २१०) याची समाधी आहे. तिच्यालगत पुरलेली मातीच्या सैनिकांची सेना पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी येथे येतात.

ही सेना उजेडात आली ती शेतकऱ्यांच्या कुदळीने. मार्च १९७४ मध्ये पाण्याच्या टंचाईमुळे काही ग्रामस्थ विहीर खणत होते. त्यांना भाजलेल्या मातीच्या मूर्तींचे तुकडे व कांस्याची बाणाग्रे सापडली. स्थानिक संग्रहालयाचे चाव कांगमिन यांनी ते तुकडे गोळा करून जुळविण्यास घेतले. सांस्कृतिक क्रांतीचे ते दिवस. प्राचीन वस्तूंची मोडतोड होईल या धास्तीने त्यांनी प्रथम वाच्यता केली नाही. पुढे एका वार्ताहरामार्फत वार्ता बीजिंगला पोचली आणि रीतसर उत्खनन सुरू झाले. १९७९ मध्ये येथील संग्रहालय जनतेस खुले झाले.

पहिला खंदक २३० मीटर लांब व ६२ मीटर रुंद असून त्यावर विशाल छप्पर आहे. प्रेक्षक कडेच्या उंच मार्गावरून खालच्या रांगा न्याहाळतात. मूळ विहिरीची जागाही फलक लावून दाखविली आहे. सैनिक पुरुषभर उंचीचे. चेहरे, केशरचना व वेष निरनिराळे. काहींवर कारागिरांची नावेही कोरलेली आढळतात. वरचे लाकडी छत जळून कोसळल्याने बहुतेक मूर्ती भंगल्या होत्या. त्या तुकडा तुकडा सांधून उभ्या केल्या आहेत, आणि हे सांधण्याचे काम खंदकाच्या मागील बाजूस पाहावयास मिळते. घाईने छायाचित्रे घेऊन निघणारे प्रवासी नेमके तेच चुकवितात.

तीन खंदकांत मिळून सुमारे ८००० मूर्ती असाव्यात असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांपैकी बहुसंख्य अद्याप मातीखाली आहेत. त्या का काढीत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर रंगात आहे. आज करड्या दिसणाऱ्या या मूर्ती मुळात लाल, हिरव्या, निळ्या, जांभळ्या रंगांनी सजविल्या होत्या. रंगाखाली झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाचा थर असे. दोन हजार वर्षे ओल्या मातीत राहिलेला हा थर कोरडी हवा लागताच काही मिनिटांत आकसतो आणि रंगासह गळून पडतो. आरंभीच्या उत्खननात पुष्कळ रंग असाच नष्ट झाला. आता मूर्ती दिसू लागताच ती ओलसर ठेवून तिच्यावर रासायनिक द्रव्याचा लेप देतात. काम अर्थातच संथ चालते.

प्रत्यक्ष समाधी तर उघडलेलीच नाही. तीत पाऱ्याच्या नद्या वाहविल्याचे इतिहासकार सुमा छिएन याने लिहिले आहे, आणि टेकाडाच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण खरोखरच अधिक आढळले आहे. खंदकांच्या पश्चिमेस सुमारे दीड किलोमीटरवर, प्रवाशांना दिसते ते केवळ झाडीने झाकलेले एक टेकाड.