विश्लेषण : तारीखही न दाखवणाऱ्या घड्याळाला कोटींची किंमत का मिळते?

नोव्हेंबर २०२० मध्ये जिनिव्हात फिलिप्स या संस्थेच्या लिलावात एक मनगटी घड्याळ १३ लाख ६० हजार स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेले. तेव्हाच्या दराने ही रक्कम ११ कोटी रुपयांच्या आसपास होते. या घड्याळात ना हिरे आहेत, ना तारीख. ते फक्त तास, मिनिट आणि सेकंद दाखवते आणि त्याला हाताने चावी द्यावी लागते. नावही ‘सिम्प्लिसिटी’, म्हणजे साधेपणा. मग इतके पैसे कशाचे?

हे घड्याळ कोणी बनवले?

फिलिप द्युफूर या स्विस कारागिराने. जन्म १९४८ चा. स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतातील व्हॅले द जू या खोऱ्यात, एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांची कार्यशाळा आहे. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या छत्राखाली न राहता स्वतःच्या नावाने घड्याळे घडवणाऱ्यांना ‘स्वतंत्र’ घड्याळ कारागीर म्हणतात. अशा कारागिरांची एक अकादमीही १९८५ मध्ये स्थापन झाली. ‘सिम्प्लिसिटी’ २००० मध्ये आले. त्याचे सुमारे २०० नगच बनले आणि तेवढ्यालाही दहा वर्षांहून अधिक काळ लागला. त्यातला मोठा वाटा जपानी ग्राहकांनी घेतला.

ते चालते कसे?

चावी दिली की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. ती हळूहळू सुटताना दातेरी चाके फिरवते. ही ताकद एकदम सुटू नये, म्हणून बॅलन्स व्हील नावाचे चाक मागेपुढे झुलत तिला ठरावीक अंतराने वाट देते. ‘सिम्प्लिसिटी’त हे झोके तासाला १८ हजार, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार होतात. हे तत्त्व स्वस्तातल्या यांत्रिक घड्याळातही तेच असते. फरक सुट्या भागांवर केलेल्या कामात आहे.

मेहनत नेमकी कशात जाते?

मुख्यतः कडा आणि कोपऱ्यांत. चाके धरून ठेवणाऱ्या धातूच्या प्रत्येक पट्टीची कड तिरकी घासून आरशासारखी चकचकीत केली जाते. बाहेरचा कोपरा यंत्रालाही जमतो. आत वळणाऱ्या कोपऱ्यात मात्र यंत्राचे फिरते कटर गोलाई सोडते. दोन कडा तिथे धारदार रेषेत मिळवायच्या, तर बारीक कानस आणि स्थिर हातच लागतो. शेवटची चकाकी आणण्यासाठी पॉलिशची पेस्ट लावलेली जेन्शियन या डोंगरी वनस्पतीची वाळलेली काडी वापरली जाते.

पोलादी भागांचे काम याहून अवघड. कथलाच्या सपाट पृष्ठावर हिऱ्याची बारीक पूड लावून ते घासतात. पृष्ठभाग इतका सपाट होतो, की प्रकाश एकाच दिशेने परततो. त्यामुळे तो भाग एका कोनातून लखलखीत, तर दुसऱ्यातून काळाकुट्ट दिसतो. एक ओरखडा उठला, तरी पुन्हा सुरुवात.

यामुळे वेळ अधिक अचूक दिसते का?

नाही. फिरणाऱ्या आसांची टोके गुळगुळीत असली, की घर्षण कमी होते, हे खरे. पण चकचकीत कडांमुळे वेळ सुधारत नाही. काहीशे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ याहून अचूक असते. सेइको कंपनीने १९६९ मध्ये पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. १९७० मध्ये स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार लोक काम करत होते. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते ३० हजारांच्या थोडे वर उरले. नोकऱ्यांबरोबर हातातली विद्याही जाऊ लागली.

ही विद्या टिकेल का?

खरा प्रश्न हाच आहे. कानशीचा दाब किती असावा, हे पुस्तकातून शिकता येत नाही; ते शिकवणाऱ्याच्या शेजारी बसूनच कळते. म्हणून द्युफूर यांनी रॉबर्ट ग्रुबेल आणि स्टीफन फोर्सी यांच्यासह मिशेल बुलांजे या फ्रेंच शिक्षकाला जुन्या पद्धतीने आख्खे घड्याळ घडवायला शिकवले. त्यांनी ते आपल्या विद्यार्थ्यांना शिकवावे, हा हेतू. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनेही स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधील या यांत्रिक घड्याळकलेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

लिलावातील आकडा दुर्मिळता आणि नावामुळेही फुगतो. पण त्याच्या मुळाशी हे हाताचे काम आहे. ते करू शकणारे लोक मोजकेच उरले आहेत आणि नवा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात.